पोट भरलेलं असूनही मांजर शिकार करतं: पाली, पिल्लं, उंदीर आणि आपल्या हातातले उपाय

मांजर पोटभर जेवतं, अंग चाटून स्वच्छ करतं आणि अर्ध्या तासात बुलबुलाचं पिल्लू तोंडात धरून पडवीत येतं. ओरडून झालं, कोंडून झालं, गळ्यात घुंगरू बांधून झालं, तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. उन्हाळ्यात पिल्लं, पावसाळ्यात उंदीर आणि चिचुंद्र्या, पाली तर बारा महिने. शेवटी लोक "मांजराची जातच ती" म्हणून हात टेकतात, नाहीतर पोत्यात घालून त्या मुक्या जिवाला लांब कुठेतरी सोडून येतात. हे सोडून येणं ऐकलं की जीव तुटतो, कारण यातलं पुष्कळ काही आपल्याला सावरता येतं.

जे जमणार नाही ते आधीच सांगते. शिकारीची ओढ मोडून काढता येत नाही. मारून नाही, उपाशी ठेवून नाही, लाडानेही नाही. पण मांजर किती शिकार करतं, कोणत्या वेळी करतं आणि कशावर झडप घालतं, या तिन्ही गोष्टींत खूप फरक पाडता येतो. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, पुढे अंगण, मागे नारळी-पोफळीचं आगर. बहिणीचा फ्लॅट ठाण्यात सातव्या मजल्यावर. दोन्हीकडे मांजरं आहेत आणि दोन्हीकडचे त्रास वेगळे आहेत, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

भूक वेगळी, शिकार वेगळी

आमची भुरी कुंपणावरून पाल घेऊन निघाली की शेजारच्या काकू विचारतात, "अगं, पोटाला घालत नाहीस का तिला?" प्रश्न रास्त आहे, पण कारण पोटात नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांना आवडीचं खाणं वाढलं आणि ती खात असतानाच जवळ जिवंत उंदीर सोडला. मांजरांनी ताटली सोडली, उंदीर मारला, तोंडात धरून ताटलीपाशी आणला आणि पुन्हा आधीचंच खाणं सुरू केलं. भुकेने शिकारीला जोर चढतो हे खरं, पण भूक भागली म्हणून शिकार थांबत नाही.

हिशोब केला तर कारण कळतं. एका लहान उंदरातून मांजराला साधारण ३० कॅलरी मिळतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० लागतात. स्वतःच्या जिवावर जगायचं तर रोज सात-आठ उंदीर हवेत, आणि प्रत्येक झडप काही लागू पडत नाही. भूक लागेपर्यंत बसून राहणारं मांजर जगलंच नसतं. म्हणून समोर लहानसं काही सरपटलं, फडफडलं की अंग आपोआप खाली दबतं, मग पोट भरलेलं असो की रिकामं.

आपली घरातली मांजरं पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजरांची वंशज आहेत. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे ती मांजरं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं आहे, ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. कुत्र्याकडून आपण राखण, मेंढरं वळणं, माग काढणं अशी कितीतरी कामं करून घेतली आणि त्या त्या कामाच्या जाती तयार केल्या. मांजराकडे एवढंच मागितलं, की उंदीर मारत जा. इतक्या पिढ्या ज्या गुणासाठी त्याला घरात घेतलं, त्याच गुणासाठी आता त्याच्या पाठीत केरसुणी घालणं अन्यायाचं आहे.

आणखी एक गैरसमज. 'मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव' असं आपण म्हणतो आणि मांजर दुष्टपणाने छळतं असं धरून चालतो. उंदीर चावतो, घूस तर मांजराला फाडूही शकते. शिकार जिवंत आणि ताज्या दमाची असेल तर मांजर तोंड जवळ नेत नाही. पंजाने उडवतं, सोडतं, पुन्हा पकडतं, ती थकेपर्यंत. मग मानेच्या मणक्यांमध्ये सुळे रुतवतं. अगदी नाकासमोरचं त्याला नीट दिसतही नाही, तिथे ते मिशा पुढे करून अंदाज घेतं. बघायला त्रास होतो, मलाही होतो, पण त्यात द्वेष नाही.

ताटलीत काय आहे ते आधी बघा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, म्हणून सुरुवात इथून करा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी बारा आठवडे केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या मांजरांना भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिलं, त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांची २५ टक्क्यांनी. घराचं दार बंद न करता, मांजराला कसलीही इजा न करता एवढा फरक पडला.

आता आपल्याकडची ताटली बघा. दूधपोळी, दूधभात, फार तर ताकातला भात. मांजर ते खातं, पोट टम्म होतं, पण त्याच्या शरीराला जे लागतं ते त्यात नसतं. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसा तयार करता येत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूधही पचत नाही, जुलाब होतात. दूधपोळीवर ठेवलेलं मांजर पाली आणि झुरळं वेचत फिरत असेल, तर त्याच्या वागण्याआधी आपलं वाढणं तपासायला हवं.

बाजारातलं खाणं घेत असाल तर पाकिटावर 'कम्प्लीट' असं लिहिलेलं आणि घटकांत पहिलं नाव मांसाचं किंवा मासळीचं असलेलं घ्या. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं पाकीट नुसतं तोंडी लावायला असतं, त्यावर मांजर जगवू नका. घरचं देत असाल तर चिकन मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही न घालता उकडा आणि ते पाणी फेकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं. कोंबडीचं हृदय मिळालं तर उत्तम. पण नुसत्या उकडलेल्या चिकनमध्ये पुरेसं कॅल्शियम नसतं, म्हणून रोजचं जेवण तेवढ्यावर नको, संपूर्ण खाण्याच्या जोडीला द्या. शिजवलेली हाडं अजिबात नकोत. सुकट, बोंबील द्यायचे तर चांगले भिजवून, मीठ काढून, आणि तेही चवीपुरते. खाणं एकदम बदलू नका, आठवडाभर जुन्यात नवं मिसळत न्या. दिवसातून दोनदा भरपूर वाढण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं वाढलेलं मांजराला मानवतं.

शाकाहारी घरांची अडचण मला कळते. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात आजही मासळी येत नाही. तरी मांजराची ताटली मागच्या पडवीत असते आणि पाकिटातलं खाणं चुलीपर्यंत जातच नाही. आजीने ते मान्य केलं, कारण मांजर घरात हवं तर त्याला त्याचं अन्न दिलंच पाहिजे. डाळभातावर ठेवून वर त्याने पाल मारली म्हणून चिडायचं, हे तिलाही पटत नव्हतं.

त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. छिद्रांतून दाणे काढून खावे लागतात अशा खेळण्यांतून खाणं दिलेल्या मांजरांची शिकार कमी झाली नाही, उलट ३३ टक्क्यांनी वाढली. शिकार कमी व्हावी म्हणून ती खेळणी घेणार असाल, तर पैसे जपून ठेवा.

खेळ, पण शिकारीच्या क्रमाने

खराट्यातला एक लांब, लवचीक हीर घ्या. टोकाला जुन्या कापडाची चिंधी नाहीतर कोंबडीचं स्वच्छ पीस घट्ट बांधा. दुकानातल्या दोनशे-तीनशे रुपयांच्या काठीइतकंच काम होतं.

बहुतेकजण ही काठी मांजराच्या तोंडासमोर हलवतात आणि मांजर दोन मिनिटांत उठून जातं. जाणारच, कारण कोणताही उंदीर मांजराच्या तोंडाकडे धावत येत नाही. चिंधी मांजरापासून दूर न्या. जमिनीलगत, भिंतीच्या कडेने, थांबत थांबत. सतरंजीच्या घडीखाली अर्धी सरकवा आणि तिथेच स्थिर ठेवा. आता भुरीकडे बघा: डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर मोठ्या होतात, कान पुढे वळतात, पोट जमिनीला टेकतं, शेपटीचं फक्त टोक हलतं. मागचे पाय जागच्या जागी भराभर उचलले जातात, बूड डावी-उजवीकडे थरथरतं. या क्षणी घाई करू नका. चिंधी बोटभर हलवा. झडप आलीच.

पकडू द्या. दर दोन-तीन झडपांमागे एक तरी तिच्या हाती लागू दे, चावू दे, मागच्या पायांनी लाथाडू दे. शेवटची झडप तिचीच. आणि लगेच, त्याच जागी, जेवण वाढा. दबा, झडप, चावा, जेवण, अंग चाटणं, झोप हा तिचा क्रम आहे. तो पुरा झाला की मांजर खरंच शांत होतं. खेळ अर्धवट तोडला, तर तीच ओढ घेऊन ते अंगणात जातं. म्हणूनच भिंतीवर लाल ठिपका नाचवणारं लेझर मला आवडत नाही. त्यात हाती काहीच लागत नाही, आणि काही मांजरं मग तासन्‌तास सावल्यांच्या आणि कवडशांच्या मागे लागतात. वापरायचंच असेल तर ठिपका शेवटी एखाद्या खऱ्या खेळण्यावर नेऊन थांबवा.

दिवेलागणीच्या सुमारास एकदा आणि झोपण्याआधी एकदा, पाच-दहा मिनिटं पुरतात. पण रोज हवं. चार दिवस खेळवून काही झालं नाही म्हणणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, निदान महिनाभर नेमाने करा.

दोन इशारे. खेळ संपला की काठी कपाटात जाऊ द्या. दोरा, लोकर, रबरबँड, संक्रांतीचा मांजा, सुईत ओवलेला धागा यांतलं काहीही मांजराजवळ राहू नये. त्याच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो आणि आतड्याला कापतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, तसंच डॉक्टरकडे न्या. आणि पिल्लाला स्वतःच्या बोटांशी, पायांशी खेळायला शिकवू नका. दोन महिन्यांचं असताना ते गोड वाटतं, मोठा बोका घोट्याला डसतो तेव्हा रक्त येतं.

उंदीर हवेत मारायला, पक्षी नकोत

कोकणात, घाटावर, जिथे घरात धान्य असतं तिथे हीच अडचण सगळ्यात खरी आहे. मांजर पाळलंच उंदरांसाठी, आणि ते आणतं दयाळ. मांजराला "हे मार, ते मारू नको" शिकवता येत नाही. वेळ मात्र आपण ठरवू शकतो.

पक्षी पहाटेपासून सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी जमिनीवर उतरतात. उंदीर रात्रीचे निघतात. म्हणून मांजर रात्री घरात, धान्याच्या खोलीत ठेवा आणि उजाडल्यावर लगेच दार उघडू नका. सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर, पोटात जेवण गेल्यावर सोडा, दिवस मावळायच्या आत जेवणाच्या हाकेने परत बोलावा. नेहमी एकच हाक, एकच ताटलीचा आवाज, आणि आल्यावर दर वेळी काहीतरी चांगलं खायला. सुरुवातीला पहाटे दाराशी ओरडा होईल. ओरडण्याला दार उघडलं की ओरडणं पक्कं झालं, म्हणून मन घट्ट करा.

घरट्यांच्या हंगामात, म्हणजे मार्चपासून पाऊस स्थिरावेपर्यंत, हे जास्त कडक पाळा. बुलबुल, दयाळ, साळुंकी यांची पिल्लं घरट्यातून उतरल्यावर काही दिवस नीट उडत नाहीत, झुडपांत आणि जमिनीवर टुणटुण फिरतात. आई-बाप त्यांना तिथेच भरवतात. तेवढे दिवस मांजर आत राहिलं तर एक पिढी वाचते.

नसबंदी केल्याने शिकार थांबत नाही, पण मांजर लांबवर भटकत नाही. व्यालेली मांजरी तर पिल्लांसाठी दुप्पट जोमाने शिकार आणते, आधी मेलेली, मग अर्धमेली, त्यांना शिकवण्यासाठी. म्हणून चार-सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया करून घेणं सगळ्या दृष्टीने हिताचं.

घुंगरू बांधावं का?

'मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार' हा प्रश्न जुना आहे. बांधून उपयोग किती, हे विचारायला हवं. आधीच्या काही चाचण्यांत घुंगराने फरक पडलेला दिसला होता, एक्सेटरच्या चाचणीत मात्र काहीच पडला नाही. हुशार मांजर घुंगरू न वाजवता चालायला शिकतं, आणि न उडणाऱ्या पिल्लाला आवाज ऐकूनही जाता येत नाही. गळपट्ट्यावर भडक रंगाची कापडी झालर घातल्याने मात्र पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी घटली, कारण पक्ष्यांना रंग चांगले दिसतात आणि मांजर लांबूनच नजरेस पडतं. उंदरांवर तिचा परिणाम झाला नाही, म्हणजे उंदरांसाठी मांजर पाळणाऱ्यांची उलट सोयच. लाल-पिवळ्या सुती कापडाची चार बोटं रुंद चुणीदार झालर घरी शिवता येते. गळपट्टा मात्र जोरात ओढला की आपोआप सुटणाराच हवा. साध्या पट्ट्याने फांदीला अडकून मांजरं मरतात.

"आमचं मांजर काही आणत नाही, म्हणजे मारत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले होते. मारलेल्यातली चौथा हिस्साही शिकार घरी आली नाही. बाकीची खाल्ली गेली किंवा तिथेच पडून राहिली.

अंगणातही बदल करा

मांजर आपण आणलं, पक्षी आधीपासून इथले. त्यांची काळजी घेणं आपल्याकडे येतं. चिमण्यांना तांदूळ अंगणात पसरले की आपणच त्यांना मांजरासमोर बसवतो. तांदूळ आणि पाणी खांबावर, माणसाच्या डोक्याच्या वर, आणि झुडपापासून लांब ठेवा, म्हणजे दबा धरायला आडोसा मिळत नाही. माडावर उंदीर चढू नये म्हणून आपण पत्रा गुंडाळतो, तोच पत्रा घरटं असलेल्या झाडाच्या बुंध्याला जमिनीपासून पाच-सहा फुटांवर दोन फूट रुंद गुंडाळला की मांजरही चढत नाही. शेजारच्या झाडावरून किंवा कौलांवरून उडी मारता येत नाही ना, ते बघून घ्या. बाल्कनीत टांगलेल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं तर पिल्लं उडेपर्यंत ते दार मांजरासाठी बंद.

तोंडात जिवंत शिकार घेऊन आलं तर

ओरडू नका, पाठलाग करू नका. त्याच्या दृष्टीने घर ही निवांत खायची जागा आहे, म्हणून ते शिकार इथे आणतं. पाठलाग केलात तर ते पलंगाखाली घुसेल किंवा घाईने गिळून टाकेल. आवडत्या खाण्याचा डबा वाजवा, थोडं दूर ताटली ठेवा. बहुतेक वेळा तोंड उघडतं. मग मांजराला दुसऱ्या खोलीत घालून दार लावा आणि नंतरच शिकारीकडे वळा.

पाल असेल तर सोडून द्या. तुटलेलं शेपूट तिला पुन्हा येतं. उंदीर असेल तर कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यात हाकला. चिचुंद्री बहुधा मेलेलीच मिळते आणि न खाल्लेली, तिचा उग्र वास मांजरालाही नको असतो. उचलताना हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरा, जागा जंतुनाशकाने पुसा, हात साबणाने धुवा. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून माणसाला लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाचा धोका असतो, त्यात हयगय नको.

पक्षी असेल तर हवा जाणारी भोकं असलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, झाकण लावा, शांत अंधारात राहू द्या. चोचीत पाणी, दूध काहीही घालू नका. जखम दिसत नसली तरी मांजराच्या दातांतले जंतू रक्तात गेलेले असू शकतात आणि औषध मिळालं नाही तर पक्षी एक-दोन दिवसांत मरतो. म्हणून लगेच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. रानपक्षी घरी पाळायला कायद्याने परवानगी नाही. पिल्लू जमिनीवर नुसतं सापडलं, मांजराने धरलेलं नाही आणि धडधाकट आहे, तर ते जवळच्या झुडपात उंच ठेवून लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज खोटा आहे.

मांजराच्या जिवाला धोका कुठे

सगळ्यात वाईट म्हणजे उंदरांचं विष. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला सुस्त उंदीर मांजराला सहज सापडतो आणि तो खाल्ल्यावर मांजराचंही रक्त गोठेनासं होतं. लक्षणं लगेच दिसत नाहीत, तीन ते पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा लघवीतून रक्त येतं, धाप लागते. व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे आणि वेळेत दिला तर मांजर वाचतं, म्हणून वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि विषाचं पाकीट बरोबर न्या. मांजर असलेल्या घरात विष नकोच, पिंजरा लावा. शेजाऱ्यांनाही जाऊन विनंती करा. मी आमच्या आळीत घरोघर जाऊन सांगितलं आहे आणि लोक ऐकतात.

पालींचं वेगळंच दुखणं. उष्ण, दमट भागांत पाली खाणाऱ्या मांजरांच्या पित्तनलिकांत एक चपटा कृमी वस्ती करतो. गोगलगाय, किडा, पाल आणि मग मांजर असा त्याचा प्रवास. मांजर खात नाही, उलट्या करतं, डोळे-हिरड्या पिवळ्या दिसतात. नेहमीच्या जंताच्या गोळीने याचा बंदोबस्त होत नाही, म्हणून मांजर पाली खातं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. उंदीर खाणाऱ्या मांजरांना पट्टकृमीही होतात. शिकारी मांजराला जंताचं औषध साधारण दर तीन महिन्यांनी लागतं.

उंदरांतून मांजराला टोक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. विष्ठेतून पडणारे त्याचे कण संसर्गाला तयार व्हायला निदान एक दिवस लागतो. मातीचा ट्रे रोज साफ केला तर धोका फार कमी होतो. घरात गरोदर बाई असेल तर ते काम दुसऱ्या कोणीतरी करावं. त्यासाठी मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही.

आणि साप. मांजर सापासमोर उभं ठाकलेलं दिसलं तर मध्ये हात घालू नका, सापाची जायची वाट मोकळी ठेवा, लांबून डबा वाजवून मांजराला बोलवा, सर्पमित्राला फोन करा. पंजा किंवा तोंड झपाट्याने सुजलं, मान खाली पडली, पाय लटपटले, रक्त थांबेना, तर बांधणं, चिरणं असलं काही न करता तातडीने जनावरांच्या दवाखान्यात न्या. माणसांना देतात तीच सर्पविषावरची लस मांजरालाही चालते. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल मात्र कधीही देऊ नका. मांजराला ती जीवघेणी ठरते.

फ्लॅटमधलं मांजर

इथे शिकार कमी, पण ओढ तेवढीच. बहिणीचं मांजर खिडकीत बसून कबुतराकडे बघत दात कटकटवतं, जबडा थरथरतो, बारीक 'कॅक-कॅक' आवाज निघतो. तो आवाज ऐकून सगळे हसतात, पण त्याच कबुतरामागे मांजरं खिडकीतून पडतात. मांजर चार पायांवर पडतं म्हणून त्याला काही होत नाही, हे खरं नाही. जबडा फुटतो, छातीत रक्त साचतं, पाय मोडतात. बाल्कनीला आणि प्रत्येक उघड्या खिडकीला घट्ट ताणलेली जाळी लावल्याशिवाय मांजर आणू नका. डासांची सरकती जाळी पुरेशी नाही, ती पंजाने सरकते. नायलॉनची कबुतरजाळी वर्षातून एकदा ओढून तपासा, उन्हाने ती कुजते.

पहाटे चारला पायांवर झडपा घालणाऱ्या मांजराला झोपण्याआधी खेळवा आणि त्यानंतर दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण द्या. भिंतीवर उंच फळ्या, खिडकीशी बसायची जागा, फाडायला पुठ्ठ्याचे खोके द्या. झुरळांसाठी लावलेली औषधाची जेल किंवा खडू त्याच्या पंजाला लागणार नाही असं बघा, कारण फ्लॅटमध्ये त्याची मुख्य शिकार झुरळच असते.

शेवटी एक उलटी तक्रार, जी लोक तक्रार म्हणून सांगतच नाहीत. वर्षानुवर्षं शिकार आणणारं मांजर अचानक थांबलं, पालीकडे बघूनही उठलं नाही, उडी अर्ध्यावर चुकू लागली, तर त्याला "सुधारला" म्हणू नका. दात दुखत असतील, सांधे आखडले असतील, मूत्रपिंड थकलं असेल, दिसेनासं झालं असेल. अंधारात बाहुल्या मोठ्या होणं ठीक, पण उजेडातही तशाच मोठ्या राहत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवीही आठवडाभरात दात, डोळे, रक्त आणि लघवी तपासून घ्या.